शेपटीचं काळं टोक

मुंगसं दोन तऱ्हेची असतात. एक आपल्या गावाच्या आसपासचं, बांधावर, कुंपणात, तणसाच्या ढिगात राहणारं. रंगानं राखी, माणसाला फारसं न बिचकणारं. चालताना शेपूट जमिनीला समांतर, मागे सरळ ओढत नेतं. दुसरं डोंगरातलं. ते अंगानं थोडं मोठं, तांबूस, आणि दाट जंगल सोडून सहसा खाली न उतरणारं. त्याच्या शेपटीचं टोक जन्मतःच काळं असतं, आणि चालताना ते शेपूट टोकाशी वर वळवून धरतं. एवढाच फरक. शाळेतल्या पोरालाही दोन मिनिटांत समजावता येईल. मला तो समजायला एक हंगाम लागला, आणि त्याची किंमत दुसऱ्या बाईनं मोजली.

जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलखात्याच्या एका लहान गावात माझे यजमान नाकेदार होते. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार, पगारानं लहान पण गावापुरता राजा. घरावर टाकायला बांबू हवा, गुरं चारायला न्यायची, मोहफुलं वेचायची, सगळं त्याच्या ‘हो’वर. मी वर्धेकडून लग्न होऊन आलेली, सातवी शिकलेली, आणि त्या सातवीचा मला भारी तोरा. गावातली माणसं मला ‘नाकेदारीनबाई’ म्हणायची. मला ते आवडायचं. आता आवडायचं हे लिहितानासुद्धा कसंतरी होतं.

आमच्या क्वार्टरपासून चार कुंपणं सोडून एक म्हातारी राहायची. एकटीच. नवरा सापानं गेलेला, मुलगा घुग्घुसच्या खाणीवर गेला तो तिकडचाच झालेला. तिच्याकडे पाळलेलं मुंगूस होतं. नांगराखाली बीळ फुटलं तेव्हा उरलेलं एक पिल्लू तिनं पदरात घालून आणलं, शेळीच्या दुधावर वाढवलं. ते तिच्या मागेमागे हिंडायचं, ती बसली की मांडीत शिरायचं, आणि ती त्याला ‘माही पोरगी’ म्हणायची. गावात गलोल खेळणारी पोरं फार, कुणी चुकून मारू नये म्हणून म्हातारी त्याच्या शेपटीच्या टोकाला बिब्ब्याचा रस लावायची. बिब्बा अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून काडीनं, नुसत्या केसांना, फार जपून. तो रंग धुवून जात नाही. केस गळून नवे आले की पुन्हा लावायचा. मी नवी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाण्यावरच्या बायांनी मला सांगितलं होतं, ‘‘काळ्या टोकाचं दिसलं तं दगड नोका मारू बाई, ते बुढीचं हाय.’’ एवढंच सांगितलं. डोंगरात तसंच दुसरं असतं हे कुणी सांगितलं नाही, कारण ते त्यांना इतकं ठाऊक होतं की सांगायचं सुचलंच नसेल.

त्या मुंगसावर म्हातारीचं पोट होतं. त्या भागात धान कापलं की पेंढ्या लगेच झोडत नाहीत. शेतातच रचून मोठा ढीग करतात, त्याला पुंजणा म्हणतात. महिना-दीड महिना पुंजणे तसेच उभे असतात. आत उंदीर शिरतात, उंदरांमागे साप. मग पौषात खळ्यावर मळणी सुरू झाली की पुंजणा उघडायचा, आणि खालच्या पेंढ्यांपाशी हात घालायला कुणी धजत नाही. तेव्हा म्हातारी मुंगूस घेऊन यायची. ते ढिगाभोवती हुंगत फिरायचं, आत शिरायचं, बाहेर यायचं. साप असला की त्याच्या अंगावरचे सगळे केस ताठ व्हायचे आणि ते एक खरखरीत आवाज काढायचं. म्हातारी हात वर करून सगळ्यांना थांबवायची, माणसं लांब काठ्या घ्यायची. नसला की ती म्हणायची, ‘‘काढा,’’ आणि पेंढ्या निघायच्या. दर पुंजण्यामागे तिला एक सूपभर धान. आलो त्या पहिल्या पौषात मी हे पाहायला मुद्दाम खळ्यावर गेले होते. एका पुंजण्याखालून नाग निघाला, चांगला हातभर उंच फणा काढून, आणि त्या एवढ्याशा जनावरानं तो निघायच्या आधी सगळ्यांना मागे सरकवलं होतं. मी त्या रात्री आईला पत्रात तीन पानं भरून लिहिलं.

आता माझ्या कोंबड्या. रेंजरसाहेब, म्हणजे यजमानांचे वरिष्ठ, दौऱ्यावर आले की त्यांच्या ताटात कोंबडी लागायची, आणि ती गावातून आणायची रीत होती. आणायची म्हणजे उचलायची. मला ते आवडत नव्हतं. मी यजमानांशी भांडून स्वतःच्या सात कोंबड्या पाळल्या. साहेबाला खायचं तर नाकेदाराच्या घरचं खावं, गावाच्या तोंडचं कशाला. ह्या चांगुलपणाचा मला फार अभिमान होता. पाण्यावर गेले की कुणी ना कुणी म्हणायचं, ‘‘बाई, तुमी आल्यापासून आमच्या कोंबड्या वाचल्या,’’ आणि मी दिवसभर फुगून असायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर डोंगरावरचा कूप तोडायला काढला. कूप म्हणजे खात्यानं तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. दिवसभर कुऱ्हाडींचा आवाज यायचा, बैलगाड्या ओंडके घेऊन डेपोत उतरायच्या. आणि त्याच दिवसांत माझी पिलं जायला लागली. आधी एक, मग दोन, मग एक मोठी, अंड्यावर येऊ घातलेली तलंग. खुराड्यापाशी पिसं तेवढी राहायची. मी जाम भडकले. कोल्हा म्हणावं तर दिवसाढवळ्या, रानमांजर म्हणावं तर पावलं फारच लहान.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी जेवण करून भांडी घासत होते. कोंबड्या एकदम ओरडल्या. हात तसेच राखेचे घेऊन मी परसात धावले. बांबूच्या कुंपणाशी एक मुंगूस तोंडात पिल्लू धरून उभं होतं. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं. मग कुंपणाच्या फटीतून गेलं, आणि शेवटी मला दिसली ती शेपूट. तिचं टोक काळं होतं आणि ते वर वळलेलं होतं. हे मी इतकं ठासून लिहिते आहे कारण मी ते पाहिलं होतं. उन्हात, दहा हातांवरून, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या क्षणी मला फक्त काळं टोक दिसलं आणि डोक्यात म्हातारी आली. दुपारच्या दुपारी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. ‘‘साप धरायचं नाव सांगता आणि लोकाच्या कोंबड्यांवर पोसता,’’ असंही बोलले. तिचं मुंगूस तेव्हा तिच्या मांडीतच होतं, झोपलेलं. ते माझ्याआधी घरी पोचलं असेल असं मी धरून चालले. म्हातारी नुसती म्हणाली, ‘‘हे इथीच होतं बाई. सकाळपासून हालली नाई माही पोरगी.’’ मला वाटलं, खोटं बोलते आहे.

यजमानांनी संध्याकाळी ऐकलं आणि गावपाटलाला बोलावणं धाडलं. रेंजरसाहेब आठ दिवसांत यायचे होते, त्यामुळे यजमान आधीच चिडलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. तिथली रीत अशी की पाळलेलं जनावर दुसऱ्याच्या घरात चोरी करायला लागलं, तर ते मालकानंच आपल्या हातानं शिवेबाहेर, नाल्यापलीकडे नेऊन सोडायचं, आणि परत घरात घ्यायचं नाही. मारायचं नाही, पण ठेवायचंही नाही. हे मला माहीत होतं. मुंगूस गेलं तर पौषात म्हातारीच्या सुपात धान पडणार नाही, हेही माहीत होतं. मला एवढंच वाटत होतं की माझं खरं ठरावं.

पाटील म्हातारा, शांत माणूस. त्यानं मला सगळं विचारलं. किती वाजता, कुठल्या बाजूनं, केवढं, कसल्या रंगाचं. वेळ, बाजू मी सांगितली; रंग-आकाराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, ‘‘बाई, त्याचं शेपूट कसं होतं? खाली होतं का वर?’’

मला तो प्रश्न फालतू वाटला. काळं टोक पाहिलं म्हटल्यावर आणखी काय हवं? वाटलं, हे लोक तिच्या बाजूचे, मला फाटे फोडून गोंधळात पाडताहेत. मी काही बोलणार इतक्यात म्हातारी उठून माझ्यापुढे आली. हात जोडून म्हणाली, ‘‘वर होतं ना बाई? तुमी पाह्यलं ना? वर होतं म्हणा. एक बार म्हणा, वर होतं.’’

माझा एक दुर्गुण आहे, लहानपणापासूनचा. कुणी माझ्या तोंडात शब्द कोंबायला लागलं की मी नेमकं उलटं बोलते. आईनं यावरून मला किती वेळा धपाटे घातले असतील. त्या सकाळी म्हातारी ‘वर’ म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती शेपूट होती, वर वळलेली, अगदी स्पष्ट. आणि मी म्हणाले, ‘‘खाली होतं.’’

 पाटलानं यजमानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘पक्कं बाई?’’ मी म्हटलं, ‘‘मले काय दिसत नाई काय?’’ आता मागे फिरायची लाज वाटत होती. शिवाय मनात असंही आलं की खाली काय, वर काय, शेपूट ती शेपूट. पाटलानं मान हलवली. ‘‘बुढे, नेऊन सोड मंग,’’ तो म्हणाला. ‘‘खळ्यावर आमालेच पाहिजे होतं ते. पण बाईनं पाह्यलं म्हणते तं काय करावं.’’

म्हातारीनं दुसऱ्या सकाळी मुंगूस पदरात घेतलं आणि नाल्यापलीकडे नेलं. परतली तेव्हा तिचा पदर मोकळा होता.  मी अंगणात तांदूळ निवडत होते, मी वर पाहिलं नाही.

ते दुपारी परत आलं. येणारच होतं. दुसरं त्याला कुठे जायचं ठाऊक होतं? कापणी झालेल्या उघड्या बांध्यांमधून, धानाच्या रिकाम्या शेतांमधून, ते सरळ गावाकडे येत होतं, लपत नव्हतं, थांबत नव्हतं. रानातलं असतं तर झुडुपाझुडुपानं आलं असतं, कुत्र्याचा वास येताच बिळात गेलं असतं. हे माणसांत वाढलेलं. डेपोच्या चौकीदाराची कुत्री बांधावर पडलेली होती. त्याला पाहून ती उठली, आणि त्यानं काय करावं, तर ते कुत्र्यांमागे उभ्या असलेल्या चौकीदाराकडे धावलं. माणूस आहे म्हणजे वाचलो, असं त्याला वाटलं असणार. मी हे आमच्या ओट्यावरून पाहिलं. चौकीदार ओरडला, काठी घेऊन धावला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. म्हातारीला कुणीतरी बोलावून आणलं. तिनं ते उचललं, शेपटीचं टोक तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिलं, आणि घरी घेऊन गेली. तेव्हाही मी स्वतःला म्हटलं, चोरी केली ना त्यानं.

पाचव्या दिवशी माझी आणखी एक कोंबडी गेली.

या वेळी मी परसातच होते, वाळवण घालत. ते कुंपणावरून आलं, तांबूस, म्हातारीच्या मुंगसाहून चांगलं मोठं. मला पाहिलं तरी त्यानं कोंबडी सोडली नाही. काळं टोक वर वळवून, ऐटीत म्हणावं तसं, ते कुंपणाबाहेर गेलं आणि शेतातून थेट डोंगराच्या दिशेनं. तिथे वरती कूप तोडून उघडा पडलेला डोंगर दिसत होता. मी सुपातली डाळ तशीच टाकून खाली बसले. पाटलानं ते का विचारलं, म्हातारीनं हात का जोडले, सगळं एकदम कळलं. ती मला खोटं बोलायला सांगत नव्हती. जे पाहिलं तेवढंच बोला, म्हणत होती.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते जेवत होते. ‘‘मंग?’’ म्हणाले. मी म्हटलं, पंचांसमोर सांगायला पाहिजे. त्यांनी ताटातून वर पाहिलं. ‘‘पंचांसमोर नाकेदाराची बायको खोटं बोलली, असं सांगतेस काय? उद्या मी जंगलात कुणाले पकडलं तं माह्या शब्दाले काय किंमत राहील? जनावर मेलं, ते काय आता परत येते? चूप राह्य.’’ आणि मी चूप राहिले. त्यांच्यावर ढकलायला सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्यांनी गप्प राहा म्हटलं तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं. रेंजरसाहेब आले, उरलेल्या कोंबड्यांपैकी एक जेवले, चांगली झाली म्हणाले.

मग पौष आला आणि मळणी सुरू झाली. मला वाटत होतं, या वर्षी पुंजणे माणसं काठ्यांनीच उघडतील. पाण्यावर ऐकलं की म्हातारीच उघडते आहे. मी विचारलं, ‘‘कशानं?’’ सांगणारी बाई म्हणाली, ‘‘हातानं. तिचा हक्क हाय न तो. दुसऱ्यानं काढला तं सूप दुसऱ्याचं होते. मंग तिनं खावं काय?’’

मी खळ्यावर गेले. पाटलाचाच पुंजणा होता, माझ्या डोक्याहून उंच. वरच्या पेंढ्या माणसांनी उतरवल्या होत्या आणि माणसं मागे सरून उभी होती. म्हातारी वाकून कडेची एकेक पेंढी ओढत होती. आधी काठीनं ढोसायची, कान लावून ऐकायची, मग हात घालायची. कोपरापर्यंत हात आत जायचा. प्रत्येक वेळी मी तिच्या तोंडाकडे पाहायची. ती मात्र माझ्याकडे पाहत नव्हती. सात-आठ पेंढ्या निघाल्या असतील. मला ते सहन होईना. मी पुढे गेले, अगदी तिच्याजवळ, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘‘बाई, शेपूट वर होतं. मी खोटं बोलली. वर होतं.’’

बैल हाकणाराही थांबला. पाटलानं डोळे मिटल्यासारखे केले. म्हातारीचा हात पुंजण्यात होता, तो तिनं काढला नाही. ‘‘मले मालूम होतं,’’ ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, ‘‘तुमी पाय मागं घ्या बाई. पुंजण्याले लागून उभ्या राह्यल्या. आतून काही निघालं तं पहिले तुमालेच चावंल.’’

मी पाय मागे घेतला. तिनं पेंढी ओढली, बाजूला ठेवली, आणि पुढच्या पेंढीखाली हात घातला. पाटील मागून म्हणाला, ‘‘तवा बोलल्या असत्या तं बाई,’’ आणि बैल हाकणाऱ्याला हात केला. मी म्हातारीला म्हटलं, मी तुम्हाला धान देते, दर पुंजण्याचं सूप माझ्या घरून देते, पण हात घालू नका. ती म्हणाली, ‘‘औंदा देसान. मंग बदली होईन तुमची.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

त्या पौषात तिनं गावातले सगळे पुंजणे हातानं उघडले. मी रोज जाऊन उभी राहिले. का जात होते मला सांगता येत नाही, माझ्या उभं राहण्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. यजमान रागावले, मग रागवायचं सोडून दिलं. दोनदा साप निघाला, दोन्ही वेळा तिनं वेळेत हात काढला. त्या वर्षी तिला काही झालं नाही. चैत्रात आमची बदली झाली, ती म्हणाली होती तशीच, वडशाकडे.

वडशाला धानाचा मोठा बाजार. पुढच्या पौषापासून आमच्या आधीच्या गावचीही माणसं गाड्या घेऊन यायची. पाटील एकदा आला होता, आमच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला. मी त्याला पीकपाणी विचारलं, गुरांचं विचारलं, डोंगरावरच्या कुपाचं विचारलं. म्हातारीचं विचारलं नाही. तो निघताना दारात क्षणभर थांबला, काही सांगेल असं वाटलं, आणि मी घाईघाईनं त्याला म्हटलं, ‘‘बरं, या मग, उन्हं चढताहेत.’’